टर्बोला आग्रह

आमच्या घरात बिघडलेली वस्तू दुरुस्त होत नाही, तिला बढती मिळते. मिक्सरचं झाकण तडकलं तेव्हा दिवाकरांनी झाकण नाही आणलं. हॉटेलवाले वापरतात तसला एक राक्षस आणला. त्यात अर्धा किलो शेंगदाणे घातल्याशिवाय पातं काही पकडतच नाही. तेव्हापासून आम्ही चटणी फक्त पाहुणे आले की खातो. म्हणून आमच्या मेकॅनिक विक्कीने बॉनेटमधून डोकं बाहेर काढून "भाभीजी, टर्बो गया" असं सांगितलं, तेव्हा मला टर्बोपेक्षा माझ्या नवऱ्याची जास्त काळजी वाटली.

गाडी म्हणजे आमची जुनी पांढरी डिझेल. दिवाकरांनी घेतली, दिवाकरांनी तिला सीट कव्हरं शिवली, दिवाकरांनी तिच्या आरशाला लिंबू-मिरची बांधली, आणि चालवते मी. ते स्वतः सिविल लाइंसमधल्या त्यांच्या ऑफिसात स्कूटरने जातात, कारण तिथे गाडी लावायला जागा साहेब लोकांनाच मिळते. मुलगी वैष्णवी नोकरीला बेंगळुरूला गेली आणि घर अचानक फारच स्वच्छ राहायला लागलं, तेव्हा शेहेचाळिसाव्या वर्षी मी गाडी शिकले. शिकवायला कोणी नव्हतं. म्हणजे दिवाकर होते, पण ते शेजारी बसले की ब्रेक पायात नाही, तोंडात असायचा. शेवटी फोनवर व्हिडिओ पाहिले, पहाटे रिकाम्या मैदानावर गेले आणि माझी मीच शिकले. एक कुत्रा तेवढा रोज बघायला यायचा. त्याने कधी आरडाओरडा केला नाही.

तेव्हापासून दर गुरुवारी मी मझौलीला जाते. तिथे माझी मोठी बहीण राहते, इंदूताई. जन्मभर शाळेत मास्तरीण होती, आता गुडघ्यांमुळे अंगणापलीकडे जात नाही, आणि जबलपूरला आमच्याकडे राहायला ये म्हटलं तर "माझी जांभूळ कोण राखील?" म्हणते. मी तिला डबा नेते, ती मला अक्कल देते. पोचेपर्यंत दोन्ही थोडं कोमट झालेलं असतं, पण आम्ही घेतो. जाताना पनागरच्या पुढे रस्ता मोकळा होतो, काचा खाली करते, आणि तेवढ्या वेळात मला कोणी "चहा टाकतेस का?" असं विचारत नाही. हे सुख काय असतं ते बायकांना सांगावं लागत नाही, पुरुषांना सांगून उपयोग नाही.

आता गाडीला पंधरा वर्षं होत आली होती. पुढे चालवायची तर सरकारी तपासणीत पास व्हायला हवी, आणि तपासणीत धूर बघतात. पास झाली तर माझा गुरुवार शाबूत. नापास झाली तर गाडी भंगारात. आणि आमच्या गाडीतून निघत होता काळा धूर, वर एक शिट्टी, जशी कुकरची पाचवी.

विक्कीने आम्हा दोघांना गॅरेजातल्या टायरांवर बसवून समजावलं. टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, गाडीच्याच धुराच्या जोरावर फिरतो. आमच्या पंख्याचा दांडा ज्या बुशात फिरत होता ते झिजलं होतं. "रीकंडिशन वाला डाल देता हूँ. दो दिन का काम है, भैया. पास हो जाएगी."

इथे गोष्ट संपायला हवी होती. दुसऱ्या कोणाच्या घरात संपली असती.

पण दिवाकरांनी त्यांच्या पुतण्याला, अजिंक्यला, फोन लावला. अजिंक्य पुण्याला गाड्यांच्याच कुठल्याशा कंपनीत आहे आणि मराठी बोलायची वेळ आली की आधी खाकरतो. तो म्हणाला, "काका, जुना टाइप काहून टाकून राहिले? बॉल बेअरिंगवाला टाका ना. मक्खन चलता है."

बस. मक्खन म्हटल्यावर दिवाकर कोणाचं ऐकतात! जुन्या टर्बोत दांडा तेलाच्या थरावर तरंगत फिरायचा, म्हणून त्याला भरपूर तेल लागायचं. या नव्यात तो बारीक गोळ्यांवर फिरतो, म्हणून याला तेल अगदी थोडं पुरतं. हे अजिंक्यने सांगितलं होतं. मी ऐकलं, दिवाकरांनीही ऐकलं. मग आम्ही दोघांनीही, जसं डॉक्टरांचं पथ्य ऐकतो तसं, ते मान हलवून सोडून दिलं.

पार्सल आलं. जावळाच्या वेळी आमच्या वैष्णवीलाही इतक्या जणांनी बघितलं नसेल. समोरचे भय्यासाहेब तर चपला न घालताच आले. भय्यासाहेब म्हणजे दिवाकरांचे बालमित्र. त्यांचे कोणी पूर्वज भोसल्यांच्या फौजेबरोबर इकडे आले, ते घोड्यांचे वैद्य होते म्हणतात. त्या नात्याने भय्यासाहेब कुठल्याही इंजिनाबद्दल मत देऊ शकतात.

टर्बो चकचकीत होता, शंखासारखा वळलेला. त्याच्याबरोबर प्लास्टिकच्या पुडीत एक पितळी तुकडा होता, करंगळीच्या पेराएवढा. तो तेलाच्या नळीच्या तोंडाशी बसवायचा. त्याच्या मधोमध एक भोक, इतकं बारीक की दिवाकरांनी तो डोळ्याला लावला आणि म्हणाले, "यात तर भोकच नाही."

"है भैया, है," विक्की म्हणाला. "तेल यहीं से जाएगा."

"एवढ्याशातून?" दिवाकरांचा चेहरा असा झाला, जणू पंगतीत कोणाच्या पानात एकच भजं वाढलेलं दिसलं. "अरे, एवढ्यात त्याचं काय होणार?"

"कंपनी ने कुछ सोच के ही दिया होगा."

"कंपनी परदेशातली आहे, विक्की. ते लोक जेवायला बोलावतात आणि एक-एक सँडविच देतात."

भय्यासाहेबांनी तुकडा तळहातावर घेतला, वजन केलं आणि निकाल दिला, "दिवाकर, दाणापाणी कमी करून घोडा पळतो का? हा बिचारा मिनिटाला लाखावर फेरे घेणार, आणि तुम्ही याला थेंबाथेंबाने पाजून राहिले. जळून जाईल. मोठं करून घे भोक."

विक्कीने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. आमच्या घरी कोणी उपाशी राहील म्हटलं, मग तो टर्बो का असेना, तर त्याला वाढू नका म्हणायचं धाडस कोण करणार? माझी सासू तर पोस्टमनलासुद्धा "खाऊन जा" म्हणायची, आणि तो खाऊन जायचा.

विक्कीकडचं ड्रिल इतक्या बारीक कामाचं नव्हतं. "सराफ्यात तुझा तो सोनार आहे ना," दिवाकर मला म्हणाले. माझा सोनार! माझी एक नथ त्याच्याकडे होती, मोती सैल झाला म्हणून. तेवढ्या भांडवलावर तो माझा झाला.

सोनीजींचं दुकान सराफ्यातल्या सगळ्यात अरुंद गल्लीत आहे. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, तुकडा उलटसुलट केला, आणि भोकाचा अंदाज घ्यायला समोरच पडलेली माझी नथ उचलून तिची तार त्यातून घातली. "देखिए दीदी, आपकी नथ की तार बस अटक-अटक के जा रही है." मग दिवाकरांना विचारलं, "कितना खोलना है?"

"मोकळं करा," दिवाकर म्हणाले. "दिल खोल के."

"सोच लो साहब. खोलना पाँच मिनट का काम है. बंद करना पड़ा तो बैठना पड़ेगा."

दिवाकरांनी विचार केला नाही, हे सांगायला नकोच. सोनीजींनी भोक मोकळं केलं. काडेपेटीतली काडी जाईल एवढं. दिवाकरांनी त्यातून माझ्याकडे बघितलं आणि हसले. एकावन्न वर्षांचा माणूस पितळेच्या भोकातून बायकोकडे बघून हसतो, तेव्हा त्याला काय बोलायचं? मी पण हसले.

विक्कीने टर्बो बसवला. दिवाकरांनी नारळ फोडला, टर्बोला हळद-कुंकू लावलं. चावी मी फिरवली. आवाज खरंच गोड होता. शिट्टी नाही, थरथर नाही. ॲक्सिलरेटरला पाय लावला की गाडी जागरण झालेल्या माणसासारखी नाही, झोप झालेल्या माणसासारखी उठत होती. दिवाकर विक्कीला मिठी मारायला निघाले. विक्की मागे सरकला तो ग्रीसमुळे असेल, असं मला वाटलं. पण तो मागे बघत होता.

धूर. काळा नाही, निळसर पांढरा. आधी उदबत्तीएवढा, मग होमाएवढा, आणि मी गाडी घरी आणेपर्यंत असा की महापालिकेचा डास मारायचा धूर आला समजून शैलजावहिनींनी भराभर खिडक्या लावल्या. शैलजावहिनी म्हणजे भय्यासाहेबांची बायको. त्यांच्या खिडक्या लागल्या म्हणून बाकीच्यांनीही लावल्या. गल्लीतली पोरं धुरात नाचायला आली. एवढ्या गर्दीत दिवाकर ताठ उभे राहून म्हणाले, "नवीन आहे. सेट होऊन राहिला."

तो सेट होईना. विक्कीने धुराची नळी खोलली तर आत तेलाची चिकचिक. "टर्बो तेल फेंक रहा है, भैया."

"म्हणजे तेल पोचून तर राहिलं!" दिवाकरांना तेवढ्यातही समाधान.

पुन्हा अजिंक्यला फोन. त्याने व्हिडिओ मागवला, बघितला, आणि विचारलं, "काका, सगळं जसं आलं तसंच बसवलं ना?"

"हो, हो. जसंच्या तसं."

ते खोटं बोलत नव्हते. भोक मोठं करणं हा बदल आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. पाहुण्याला दुसऱ्यांदा वाढतो तेव्हा स्वयंपाक बदलला असं कोणी म्हणतं का? मी तोंड उघडणार होते, तेवढ्यात पलीकडून निकाल आला, "मग इंजिनच गेलं असेल, काका. आतून तेल वर येऊन राहिलं. आता यात पैसा घालू नका. चलो, ठेवतो."

त्या संध्याकाळी दिवाकरांनी दोन वेळा चहा घेतला आणि एकदाही साखर कमी आहे म्हणाले नाहीत. मग म्हणाले, "गोहलपूरला एक भंगारवाला आहे. सोमवारी बोलावतो. तपासणीला नेऊन चारचौघांत नापास कशाला व्हायचं?"

मी भांडी घासत होते. "आणि गुरुवार?"

"बस आहे ना. सिहोऱ्याला बदलायची."

बस आहे. बसमध्ये काहीच वाईट नाही. फक्त बस तिच्या वेळेला जाते, तिच्या वेळेला येते, आणि तिच्या काचा माझ्या हाताने खाली होत नाहीत. ताईला फोन करून सांगितलं, तर ती म्हणाली, "नको येऊस गं धक्के खात. फोनवर बोलू." ती सहजच म्हणाली. पण जन्मभर वर्ग सांभाळलेली बाई आहे. वर्ग रिकामा होणार हे तिला आधी कळतं. मी कुकरची भांडी पुन्हा घासली.

रविवारी भय्यासाहेब आणि शैलजावहिनी गाडीच्या समाचाराला आले. दुःखात दिवाकरांना पुरणपोळी लागते, सुखातही लागते, म्हणून पुरण झालेलंच होतं. पानं वाढली. भय्यासाहेबांची साखर वाढलेली, शैलजावहिनींनी येतानाच मला बजावलं होतं, "मीराताई, ह्यांना एक. एकच. वर तूप नको."

मी एक वाढली. भय्यासाहेबांनी ती सज्जनासारखी खाल्ली. आणि मग दिवाकर तुपाचं भांडं घेऊन उठले.

"घे."

"नको रे."

"अरे, घे! काहून लाजून राहिला? गाडी गेली, आता मित्र तरी खाऊ दे पोटभर." दुसरी पोळी पानात पडली.

"दिवाकर, नको म्हटलं ना. डॉक्टरने—"

"डॉक्टर काय तुझ्या पानाला टेकून बसलाय?"

आमच्याकडे हे असंच असतं. 'नको' पहिल्यांदा म्हटलं तर ते रीतीचं. दुसऱ्यांदा म्हटलं तर तो संकोच. तिसऱ्यांदा माणूस हात आडवा धरतो. मग त्या हाताला चुकवून वाढणाऱ्याचं कौतुक होतं. भय्यासाहेबांनी हात आडवा धरला. दिवाकरांनी धार धरली. पण हात काही हटेना, आणि धार काही थांबेना. तूप बोटांवर पडलं, बोटांतून मनगटावर, मनगटावरून इस्त्रीच्या पांढऱ्या कुर्त्याच्या बाहीत, थेट कोपरापर्यंत.

"अरे बाबा!" भय्यासाहेब ओरडले. "जागाच नाही तर जाणार कुठे ते? बाहेरच येणार ना!"

मी हातात पोळी धरून तशीच उभी राहिले. गरम पोळी होती, तरी.

"अहो," मी म्हटलं, "गाडीचं हेच झालंय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तुपाचा एक थेंब कोपरावरून खाली पडला.

"त्या टर्बोला थोडंच लागतं. अजिंक्य पहिल्याच दिवशी म्हणाला होता. भोक त्याच्या भुकेएवढं होतं. आपण मोठं केलं, आता त्याला झेपत नाही म्हणून तेल कडेकडेने बाहेर येतं, गरम नळीत पडतं आणि जळतं. इंजिनाला काहीही झालेलं नाही. आपण त्याला आग्रह करून राहिलो."

भय्यासाहेब बाही पिळत होते, पण पूर्वजांचा अपमान त्यांना सहन होईना. "वहिनी, घोड्याला मात्र—"

"घोडा पोट भरलं की तोंड फिरवतो, भय्यासाहेब. याला तोंड फिरवायची सोय नाही."

शैलजावहिनी इतक्या जोरात हसल्या की त्यांना ठसका लागला. दिवाकर भांडं हातात घेऊन उभेच होते. त्यांना राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. पण ते भांड्यात बघत होते, जणू तुपाने त्यांना फसवलं होतं. "म्हणजे मीच..." ते म्हणाले.

"भंगारवाल्याला नाही सांगा," मी म्हटलं. "आधी सोनीजींकडे जाऊ."

सोनीजी बसले. म्हणाले होते तसं बसावंच लागलं. त्यांनी मोठ्या केलेल्या भोकात पितळेची एक बारीक नळी ठोकून बसवली, वर चांदीचा टाका दिला, आणि मग तिचं भोक थोडं थोडं उघडत गेले. दर वेळी माझ्याच नथीची तार घालून बघायचे. तार जाईना, मग जेमतेम गेली, मग अटकत-अटकत गेली. "बस," ते म्हणाले. "इतना ही था." दिवाकर गल्लीत उभे राहून जिलबीवाल्याकडे बघत होते. आत आलेच नाहीत.

विक्कीने तुकडा तारेने, नखाने, फुंकर मारून तपासला. टाका निघून आत जाईल का म्हणून दोनदा पान्याने टोचलं. मग बसवला. गाडी सुरू केली. धूर तसाच.

दिवाकरांनी माझ्याकडे पाहिलं नाही, हे त्यांचे उपकार.

"भाभीजी, नली में पुराना तेल भरा है," विक्की म्हणाला. "वो जलेगा तब जाएगा. लंबा चलाओ. हाईवे पे."

लांब म्हणजे कुठे, ते मला कोणी सांगायला नको होतं. गुरुवार नव्हता, तरी मी डबा भरला. दिवाकर स्वतःहून शेजारी बसले, आणि लगेच उलटे वळून मागच्या काचेतून बघायला लागले. त्यामुळे पहिल्यांदाच माझ्या ब्रेककडे कोणाचं लक्ष नव्हतं.

"आहे?" मी विचारलं.

"आहे. मागचा मोटरसायकलवाला शिव्या देऊन राहिला."

आधारताल मागे पडलं. "आता?"

"आहे. पण मोटरसायकलवाला दिसून राहिला."

पनागर आलं, गेलं. मी काचा खाली केल्या. गाडी खरंच मक्खन चालत होती. मला ते अजिंक्यसमोर कधीच कबूल करायचं नव्हतं. सिहोरा जवळ आला.

"अहो? झोपलात का?"

"नाही गं," ते म्हणाले. "शेत दिसून राहिलं. मागे. गहू आहे."

मझौलीला ताई अंगणात काठी टेकून उभी होती. आम्ही दोघं उतरलो तशी तिने आधी गाडीच्या मागे जाऊन पाहिलं, मग दिवाकरांकडे, जसं गृहपाठ करून आलेल्या मुलाकडे बघतात तसं. "बसा," म्हणाली. "पोहे करते." मी डबा आणला होता. तरी पोहे झाले.

तपासणीच्या दिवशी त्या माणसाने नळीत त्याची कांडी घातली, मला ॲक्सिलरेटर दाबायला लावला, पडद्यावर बघितलं, आणि पुन्हा दाबायला लावला. दिवाकरांनी माझ्या सीटची पाठ धरली होती. "किसने काम किया है?" त्या माणसाने विचारलं.

मी विक्कीचं नाव सांगणार, तेवढ्यात दिवाकर म्हणाले, "हमारी मिसेस ने." मग लगेच, "मतलब, मार्गदर्शन."

गाडी पास झाली. भय्यासाहेब आता सगळ्यांना सांगतात की घोड्यांच्या वैद्यांनी दाणापाणी मोजून द्यायचं शास्त्र पहिल्यापासून लिहून ठेवलेलं होतं. मी दर गुरुवारी जाते. काचा खाली.

दिवाकर मात्र सुधारले. इतके सुधारले की काय सांगू. परवा मला ताप होता, तर त्यांनी स्वतः वरण-भात केला, माझं पान वाढलं, आणि तुपाचं भांडं घेऊन समोर उभे राहिले. जन्मात न विचारलेला प्रश्न त्यांनी विचारला, "वाढू?"

मी आपलं रीतीप्रमाणे म्हटलं, "नको."

"बरं," ते म्हणाले, आणि भांडं घेऊन गेले.

मी बघतच राहिले. कोरडा वरण-भात खाल्ला. तेव्हापासून माझ्याच घरात मला तूप मागून घ्यावं लागतं.